वरातीमागून येणारा वृक्षकायदा

२०१९ साली १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत महाराष्ट्र शासनाने ३३ कोटी झाडे लावण्याची मोहीम चालविली. मंत्र्यांची, अधिकाऱ्यांची, पुढाऱ्यांची रोपाशेजारी वाकलेली छायाचित्रे तीन महिने वृत्तपत्रांतून झळकत होती. मोहिमेची मुदत संपून आठवडाही उलटला नव्हता, तोच ४ ऑक्टोबरच्या रात्री मुंबईच्या आरे वसाहतीत यांत्रिक करवती सुरू झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच दिवशी वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या होत्या. याचिकाकर्त्यांना वरच्या न्यायालयाचे दार ठोठावण्यास उसंतच मिळू नये, अशी ती घाई होती. ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘जैसे थे’चा आदेश दिला, तोवर २,१४१ झाडे आडवी झाली होती. परिसरात जमावबंदी पुकारण्यात आली होती आणि २९ जणांना अटक झाली होती.

ह्या विसंगतीवर तेव्हा पुष्कळ लिहिले-बोलले गेले. ढोंगीपणाचा आरोप झाला, आणि तो खोटा नव्हता. परंतु तेवढ्यावर थांबले की खरा प्रश्न हातून निसटतो. आरेतील ती झाडे चोरांनी तोडली नाहीत. अर्ज झाला होता, नोटीस निघाली होती, हरकती मागविल्या होत्या, वृक्ष प्राधिकरणाची बैठक होऊन ठराव झाला होता, न्यायालयाचा निकालही हाती होता. झाडांच्या संरक्षणासाठी केलेल्या कायद्याच्या पायऱ्या चढूनच कुऱ्हाड झाडापर्यंत पोहोचली. संरक्षणाच्या नावाने ओळखला जाणारा हा कायदा प्रत्यक्षात तोडीचा परवाना देणारे यंत्र कसा बनतो, हे समजून घेतल्याखेरीज ह्या प्रश्नावरील कोणतेही आंदोलन पुन्हा त्याच रात्रीपाशी येऊन थांबणार.

‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम’ हा १९७५ चा, म्हणजे आणीबाणीच्या वर्षीचा. कागदावर तो वाईट नाही. झाड जाळणे, कापणे आणि त्याला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचविणे हे सारे ‘तोडणे’ ह्या शब्दात येते, असे त्याने सांगितले. नागरी संस्थेत वृक्ष प्राधिकरण असावे, वृक्ष अधिकारी नेमावा, ठराविक काळाने झाडांची गणना व्हावी, तोडावयाच्या झाडावर नोटीस चिकटवावी व ती वृत्तपत्रातही प्रसिद्ध करावी, परवानगी मिळाल्यावरही १५ दिवस झाडाला हात लावू नये, तोडलेल्याच्या बदली दुसरे झाड लावावे, अशा तरतुदी त्यात आल्या. मात्र ह्याच मूळ कायद्यात आणखी एक कलम होते. अर्ज केल्यापासून ६० दिवसांत प्राधिकरणाने निर्णय कळविला नाही, तर परवानगी मिळाली असे समजावे! शिधापत्रिकेसाठी अर्ज करून महिनोन्‌महिने खेटे घालणाऱ्या माणसाला अशी सवलत कोणत्या कायद्याने दिली आहे? कार्यालयाच्या दिरंगाईचा भुर्दंड एरव्ही अर्जदाराला बसतो. येथे तो झाडाला बसावा, अशी योजना पहिल्यापासूनच होती.

तथापि कलमांतील अशा फटी हा दुय्यम भाग आहे. कायद्याचे मूळ दुखणे त्याच्या जागेत आहे. कोणताही मोठा प्रकल्प कसा उभा राहतो ते पाहावे. प्रथम आराखडा होतो, मग जागा ठरते. सल्लागार नेमले जातात, कर्जाचे करार होतात, निविदा निघतात, कंत्राटदार ठरतो, यंत्रसामग्री येऊन पडते. हे सर्व पार पडल्यावर कोणाच्या तरी लक्षात येते की जागेवर झाडे उभी आहेत, आणि मग वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज जातो. वरात गावाबाहेर पडली आणि मागून घोडे निघाले, अशी ही तऱ्हा. त्या घडीला प्राधिकरणासमोर ठेवलेला प्रश्न ‘येथे बांधावे काय’ हा नसतो. ‘आता एवढे झाल्यावर अडवता काय’ हा असतो. ह्या दुसऱ्या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर देण्याची छाती नोकरशाहीत कोणाची असणार?

आरेचा घटनाक्रम ह्या दृष्टीने नीट लावून पाहण्यासारखा आहे. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ह्या मेट्रो ३ साठी जपानी संस्थेशी कर्जाचा करार २०१३ मध्ये झाला. कोनशिला २०१४ मध्ये बसली. कारशेडच्या जागेवरून ओरड झाल्यावर २०१५ मध्ये तांत्रिक समिती नेमण्यात आली. तिच्यातील दोन तज्ज्ञांनी आरेच्या जागेविरुद्ध आपले भिन्नमत नोंदविले. भुयारे खणणारी यंत्रे कामाला लागली. आणि मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडांच्या प्रस्तावाला मंजुरी दिली ती २९ ऑगस्ट २०१९ रोजी! कोनशिलेनंतर पाच वर्षांनी. ह्या प्रस्तावावर नागरिकांच्या ८०,००० हून अधिक हरकती आल्या होत्या. एवढ्या लोकांनी लेखी विरोध नोंदविल्याचे उदाहरण मुंबईच्या नागरी इतिहासात विरळा. त्या हरकती कोणी वाचल्या असतील असे मानणे हा भाबडेपणा आहे, कारण वाचून उपयोग होण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती.

पुढचा इतिहासही बोलका आहे. सरकार बदलले, कामाला स्थगिती आली, २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे ठरले. पुन्हा सरकार बदलले आणि २०२२ मध्ये ती आरेत परतली. उरलेल्या कामासाठी ८४ झाडे तोडण्याचा अर्ज प्राधिकरणाकडे करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने दिली असता परवानगी १७७ झाडांची मिळविण्यात आली. १७ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने मेट्रो कंपनीला ह्या मर्यादातिक्रमाबद्दल १० लाख रुपये भरण्यास सांगितले आणि १७७ झाडे तोडण्यासही मोकळीक दिली. गुन्हा शाबीत, दंड वसूल, आणि चोरीचा मालही पदरात! न्यायालयाचा नाइलाज समजण्यासारखा आहे. मार्ग जवळजवळ पुरा होत आला असता तो अडवून ठेवणे कोणालाही परवडणारे नव्हते. पण तोच तर मुद्दा आहे. शेवटी विचारलेल्या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयदेखील वेगळे उत्तर देऊ शकत नाही.

ह्याला कोणी मुंबईचा अपवाद समजू नये. २०२५ च्या अखेरीस नाशिकच्या तपोवनात सिंहस्थ मेळ्याच्या साधुग्रामासाठी दीड हजारांहून अधिक झाडे काढण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि शहर खवळून उठले. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो; त्याची चाहूल शासनाला आयत्या वेळी लागते असे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही मेळ्याचा आराखडा आधी आणि झाडांची चौकशी नंतर, हा क्रम येथेही चुकला नाही.

मोठ्या प्रकल्पांची ही कथा. लहानसहान बांधकामांची तऱ्हा आणखी निराळी. २०१७ च्या सुमारास कायद्यात दुरुस्ती करून २५ झाडांपर्यंतच्या तोडीला प्राधिकरणाकडे न जाता महापालिका आयुक्तांनीच परवानगी द्यावी, अशी सोय करण्यात आली. व्यवहाराची जाण असलेल्या कोणालाही तिचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. २५ ची मर्यादा घातली की ६० झाडांचा एक प्रस्ताव तीन प्रस्तावांत वाटून येतो. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने आयुक्तांच्या ह्या अधिकाराला लगाम घातला. त्याच वर्षी मुंबईच्या वृक्ष प्राधिकरणात तज्ज्ञ सदस्यच नसल्याचे उघड झाले आणि प्राधिकरणाचे कामही न्यायालयाला रोखावे लागले. मार्च २०२२ पासून पुढे जवळजवळ चार वर्षे मुंबई महापालिकेत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. प्रशासकाचे राज्य होते. म्हणजे अर्ज तपासणारा, शिफारस करणारा आणि मंजुरी देणारा, हे सारे एकाच साखळीतले पगारी अधिकारी. झाडे राखण्यासाठी निर्माण केलेली यंत्रणा झाडांच्याच मुळावर यावी, ह्याला मराठीत कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात.

आणि ज्यांना अर्जाची कटकटही नको असते, ते झाडाला ‘नैसर्गिक’ मरण देतात. बुंध्याला भोके पाडून आत विषारी रसायन भरावे, साल गोलाकार सोलावी, पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीच्या नावाखाली एका बाजूच्या सर्व फांद्या उतरवून झाडाचा तोल घालवावा, किंवा सरळ बुंध्यापर्यंत सिमेंटचे काँक्रीट ओतून मुळांचा श्वास कोंडावा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीपुरता असा आदेश दिला होता की झाडाभोवतीचे १ मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकावे. पदपथांवर नजर टाकली तर महाराष्ट्रातील शहरांनी त्यापासून काय बोध घेतला ते दिसते. दोन वर्षांत झाड वाळते, ‘धोकादायक’ ठरते, आणि ते पाडण्याचे काम लोकहिताच्या खात्यात जमा होते. ‘कोणत्याही प्रकारे इजा’ हे शब्द कायद्यात असूनही हे राजरोस चालते.

मूळ कायद्यात दंड होता १,००० ते ५,००० रुपये. २०२१ च्या दुरुस्तीने तो एका झाडामागे १ लाखापर्यंत वाढविला आणि त्याचे मोठे कौतुक झाले. ५० वर्षे व त्याहून जुन्या झाडाला ‘प्राचीन वृक्ष’ अशी उपाधी मिळाली, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आली. ह्या दुरुस्तीमागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु दादर-परळकडे बांधल्या जाणाऱ्या मनोऱ्यांत १ लाख रुपयांत किती चौरस फूट जागा येते? एक माणूस धड पाय पसरून बसू शकणार नाही. ज्या झाडामुळे मजल्यामागून मजले अडून राहतात, त्याचा दंड बिल्डर किरकोळ खर्चात लिहितो. दंडाची रक्कम वाढविणे म्हणजे धाक वाढविणे, ही समजूत पगारदार माणसाची आहे. भांडवलाच्या हिशेबात दंड ही फक्त एक किंमत असते, आणि किंमत परवडते की नाही एवढेच पाहावयाचे असते.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या एका तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये झाडाचे मूल्य त्याच्या आयुष्याच्या प्रत्येक वर्षाला ७४,५०० रुपये ह्या दराने काढले होते, तेव्हाही अनेकांना आनंद झाला. निदान झाड फुकट नाही एवढे तरी त्यातून सिद्ध झाले, हे खरे. पण दर ठरला की विक्रीही ठरते. पिंपळाचे मोल पैशात सांगणाऱ्याने तो घेऊ शकणाऱ्याच्या हवाली केला, असेच समजावे.

आता भरपाईच्या झाडांविषयी. ५० वर्षांच्या वडाच्या बदली ५० रोपे लावावयाची म्हटले तर मुंबईत जागा कोठे आहे? मग ती रोपे शहराच्या कडेला, डोंगरउतारावर, भरावाच्या मातीत, कोठेतरी लावली जातात. २०१८ च्या गणनेनुसार मुंबईत २९ लाख ७५ हजार झाडे होती. सव्वा कोटी माणसांमागे ती वाटली तर चार जणांच्या वाट्याला एक झाड येते. ह्या चौघांचे झाड जेथे होते तेथून नाहीसे झाले आणि दुसऱ्या तालुक्यात त्याचे रोप उगवले, ह्याला हिशेब म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे. ह्या हिशेबाचे टोक पाहावयाचे असेल तर बंगालच्या उपसागराकडे पाहावे. ग्रेट निकोबार बेटावरील प्रकल्पासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन देण्यात येत आहे. तेथे साडेनऊ लाखांहून अधिक झाडे पडतील असे केंद्र शासनानेच संसदेत सांगितले. विषुववृत्ताजवळच्या त्या सदाहरित अरण्याची भरपाई ठरली आहे हरियाणात! समुद्रातील बेटावरचे अरण्य दिल्लीच्या शेजारी उगवून येईल असे मानणाऱ्यांच्या हाती वनखाते आहे.

पुनर्रोपणाचा प्रकार तर ह्याहून केविलवाणा. कागदावर ‘तोड’ आणि ‘पुनर्रोपण’ असे दोन रकाने असतात आणि दुसऱ्या रकान्यातील झाडे जगली असेच गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात मोठ्या झाडाच्या फांद्या उतरवितात, मुळे मातीच्या गोळ्याएवढी छाटतात, ते खोड क्रेनने उचलून नव्या खड्ड्यात उभे करतात आणि कंत्राटाचे देयक निघेपर्यंत त्याला पाणी घालतात. मेट्रो ३ साठी हलविलेल्या झाडांपैकी बरीच वाळून गेल्याचे पाहणीत आढळले होते. पाहणी झाली ती न्यायालयात प्रकरण गेले म्हणून. जेथे प्रकरण गेले नाही, तेथील खोडे आजही रकान्यात जिवंत आहेत.

येथवर मतभेद होण्याचे कारण नाही. मतभेद पुढे आहे, आणि तो चळवळीच्या घरातला आहे. अनेक जुन्या कार्यकर्त्यांना हा विषय मनातून परका वाटतो. माणसांना घर नाही, नळाला पाणी नाही, हाताला काम नाही. झाडांची चिंता ज्यांची पोटे भरली आहेत त्यांनी करावी, असे ते खाजगीत म्हणतात आणि कधीकधी व्यासपीठावरूनही. मेट्रोने दररोज जाणारा माणूस कामगार-कारकून आहे, मग त्याच्या गाडीच्या आड झाडे कशाला आणता, असा सवाल आरेच्या वेळीही झाला.

ह्या संशयाला इतिहास आहे व तो झटकून टाकणे योग्य होणार नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या रक्षणासाठी बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप ह्या संस्थेने १९९५ मध्ये याचिका केली, १९९७ मध्ये उच्च न्यायालयाचा आदेश झाला, आणि पुढील काही वर्षांत उद्यानाच्या हद्दीतील हजारो झोपड्या जमीनदोस्त करण्यात आल्या. त्याच हद्दीला खेटून टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या जाहिरातीत खिडकीतून दिसणारे जंगल हा विक्रीचा मुद्दा होता. पर्यावरणाचा कायदा गरिबाच्या डोक्यावर कसा पडतो, हे ज्यांनी पावसात ताडपत्रीखाली बसून पाहिले, त्यांना वृक्षप्रेमाची भाषा गोड लागणार नाही.

परंतु त्याच संस्थेची दुसरी एक लढाई चळवळीने विसरता कामा नये. मुंबईच्या बंद गिरण्यांच्या जमिनीविषयी १९९१ चा नियम असा होता की जमिनीचा एक भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक भाग सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला भाग मालकाला मिळावा. २००१ मध्ये त्या नियमातील शब्द बदलण्यात आले आणि वाटणी फक्त इमारती नसलेल्या मोकळ्या तुकड्यापुरती उरली. बाग आणि कामगाराचे घर ही दोन्ही एकाच दुरुस्तीत, एकाच लेखणीने आकसली. ह्याविरुद्ध ती संस्था न्यायालयात गेली, उच्च न्यायालयात जिंकली आणि ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयात हरली. गिरणगावातील कामगाराच्या दृष्टीने हा निकाल कोणत्याही संप-बंदइतका मोठा होता. पण रस्त्यावरची ताकद त्या खटल्यामागे जितकी उभी राहावयास हवी होती तितकी राहिली नाही. ‘झाडे की घरे’ हा वाद गरिबांनी आपापसांत करीत राहावा आणि दोहोंची जमीन तिसऱ्याने घेऊन जावी, ही व्यवस्था ज्यांच्या सोयीची आहे त्यांनी ती आजवर नीट चालविली आहे.

शिवाय झाड कोणाच्या उपयोगाचे असते, हे चळवळीने डोळे उघडून पाहिले पाहिजे. वातानुकूलित मोटारीतून वातानुकूलित कार्यालयात जाणाऱ्याला रस्त्यावरच्या सावलीची गरज नसते. ती असते सकाळी सात वाजता नाक्यावर येऊन मुकादमाची वाट पाहणाऱ्या बिगाऱ्याला, चांभाराला, भाजीच्या पाटीशी बसलेल्या बाईला, प्रवासी येईपर्यंत रिक्षात डुलकी घेणाऱ्या चालकाला. त्यांचे ‘कार्यस्थळ’ म्हणजे एक पर्जन्यवृक्ष किंवा एक पिंपळ. तो तुटला की फेरीवाल्याचा धंदा दुपारी बंद होतो, हे कोणत्याही पर्यावरण अहवालात येत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर शासकीय पुरस्कार सोहळ्यासाठी जमविलेल्या लाखो लोकांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले. मंचावर छत होते. समोर उघडे आकाश होते. ती मेलेली माणसे कोणत्या वर्गाची होती, हे सांगावयास नको. आरेविषयीचा १७७ झाडांचा आदेश दुसऱ्याच दिवशी झाला, हा योगायोग. पण सावली ही मालमत्तेप्रमाणेच विषम वाटली गेली आहे, ही वस्तुस्थिती योगायोगाची नाही.

खुद्द आरेतही झाडांबरोबर पाडे होते. वारली आणि इतर आदिवासींची कुटुंबे तेथे दुग्धवसाहत होण्यापूर्वीपासून राहत होती. कारशेडसाठी प्रजापूरपाड्यातील लोकांना उठविण्यात आले, तेव्हा शहरात फारशी हाक उमटली नाही. करवती सुरू झाल्यावर ती उमटली. वृक्षप्रेमी मध्यमवर्गाने हा हिशेब स्वतःशी चुकता केला पाहिजे. पाड्यावरच्या बाईच्या लेखी जंगल म्हणजे बुंध्यांची मोजदाद नव्हे. पहिल्या पावसानंतरचा टाकळा, शेवळे, कर्टुली, सरपणाच्या काटक्या, गुरांचे गवत, औषधी मुळ्या, कुंपणाची करवंदी, ह्या सगळ्यावर तिचे घर चालते. सर्वेक्षण करणारा माणूस रंगाचा डबा घेऊन येतो आणि बुंध्यांवर आकडे घालून जातो. ज्याला बुंधा नाही त्याला आकडा नाही, आणि ज्याला आकडा नाही त्याची भरपाई नाही. बुलडोझरचे पाते मात्र झाड आणि झुडूप असा भेद करीत नाही.

म्हणून झाड तोडणे हेच पाप, अशी भाबडी भूमिका समाजवादी चळवळीची असू शकत नाही. गडचिरोलीतील मेंढा-लेखा ह्या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आणि पुढे ग्रामसभेने स्वतः बांबू तोडला, स्वतः विकला. जंगल टिकले. तोडणारा आणि तोडीचे परिणाम भोगणारा एकच असला, की नियम पाळण्यासाठी पोलीस लागत नाही. ओडिशातील नियमगिरीच्या पर्वतावर बॉक्साइटची खाण हवी की नको, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तेथील ग्रामसभांवर सोपविला. बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ठिकाणी उत्तर आले: नको. कंपनीने कारखाना आधीच उभारला होता, तरीही खाण झाली नाही. प्रश्न कोणाला विचारला, ह्याने एवढा फरक पडतो.

शहरांच्या बाबतीत हाच अधिकार मागणे, हे आताचे काम आहे. वृक्षतोडीची संमती ही बांधकामाच्या शेवटच्या परवान्यांतील एक न राहता जागेच्या निवडीपूर्वीची पहिली पायरी व्हावी. तिच्याशिवाय निविदा काढता येऊ नये आणि कर्जाच्या करारावर सही होऊ नये. पर्यायी जागांची तुलना लोकांसमोर मांडावी व ती मराठीत असावी. आरेच्या ८०,००० हरकतींचे जे झाले ते टाळावयाचे असेल तर हरकत ही पेटीत टाकावयाची चिठ्ठी न राहता सभेत घेतलेले मत झाले पाहिजे. त्यासाठी नवे काही शोधण्याची गरज नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आल्या, २००९ मध्ये महाराष्ट्राने क्षेत्रसभांची तरतूद केली आणि ती कागदावरच ठेवली. सर्वच पक्षांच्या नगरसेवकांना क्षेत्रसभा नको आहेत, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. मतदाराला पाच वर्षांतून एकदा भेटण्याची सोय कोणाला सोडवते? ज्यांच्या वस्तीतील सावली जाते त्यांच्या सभेने ठराव केल्याखेरीज प्राधिकरणाने प्रस्ताव विचारात घेऊ नये, आणि पाडे असतील तेथे पाड्यांच्या सभेने. मोजणी बुंध्यांपुरती न राहता झुडपे, गवत, पाणवठे आणि त्यांवर चालणारी पोटे ह्यांचीही व्हावी. भरपाईचे झाड त्याच प्रभागात लावणे बंधनकारक असावे. प्रभागात जागा नसेल तर बांधकामाने आपली जागा कमी करावी.

मेट्रो नको काय, असे विचारणाऱ्यांना उत्तर सोपे आहे. मेट्रो हवी, बस त्याहून अधिक हवी. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ पूर्ण लांबीने धावू लागली आणि तिच्यातून प्रवास करणारा कष्टकरी काही अपराध करीत नाही. २०१३ मध्ये, कर्जाच्या करारापूर्वी, कारशेडच्या जागेवर मुंबईत खुली चर्चा झाली असती तर तीच गाडी कदाचित काही वर्षे आधी धावली असती. २०१९ ते २०२२ ह्या काळात कारशेड इकडून तिकडे फिरत राहिली, त्या विलंबाचा खर्च आंदोलकांच्या नावे मांडण्यात येतो. तो मांडला पाहिजे शेवटी विचारण्याची सवय असलेल्यांच्या नावे.

हा बदल विधिमंडळ आपण होऊन करणार नाही. तोपर्यंत हाती आहे त्या कायद्याचा वापर करावा लागेल. झाडावर चिकटविलेली नोटीस बहुधा बुंध्याच्या मागच्या बाजूस असते आणि मजकूर बारीक असतो. प्रत्येक शाखेने आपापल्या प्रभागातील नोटिसा वाचण्याची जबाबदारी एका कार्यकर्त्यावर सोपवावी आणि तो मजकूर नाक्यावरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावा, म्हणजे हरकत घेण्याची मुदत संपण्यापूर्वी नाक्यावरच्या माणसाला ती कळेल. गेल्या पाच वर्षांत भरपाई म्हणून लावलेल्या व पुनर्रोपित केलेल्या झाडांची जागावार यादी माहितीच्या अधिकारात मागवावी. अर्जाला दहा रुपये लागतात. ती यादी घेऊन प्रत्येक जागी जावे व उभे काय आहे ते मोजावे. ही मोजणी मे महिन्यात करावी, कारण जुलैत सगळीच रोपे हिरवी दिसतात.